साहेबाचा नैवेद्य

माझे आजोळ शिरूरचे. जुनी माणसे शिरूर म्हणत नाहीत, घोडनदी म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुले दौंडहून आजोळी गेलो, की आजी एखाद्या संध्याकाळी आम्हांला जुन्या इंग्रजी दफनभूमीकडे फिरायला नेई. नातवंडांना दिवेलागणीच्या वेळी कबरस्तानात नेणारी आजी वाचकांना विलक्षण वाटेल. पण ती आम्हांला भुताकडे नेत नव्हती, देवाकडे नेत होती. तो देव म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस.

हा कर्नल कोण, हे मला फार पुढे समजले. वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या उशाशी कंपनी सरकारची जी तैनाती फौज येऊन बसली, तिची छावणी शिरूरला होती. वॉलेस त्या फौजेतला मोठा अधिकारी. 1803 साली तो असईच्या रणात होता, 1804 साली त्याने होळकरांचे चांदवड घेतले, आणि 1809 साली तो शिरूरला वारला. म्हणजे सरळ बोलायचे तर परक्या सत्तेचा सरदार. आपले राज्य घ्यायला आलेल्यांपैकी एक. आणि मौज अशी, की त्याच्या कबरीला शिरूरची माणसे ‘सत्पुरुष’ म्हणून भजू लागली. 1885 साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात याची नोंद आहे: ब्राह्मण आणि मारवाडी सोडले, तर शिरूर आणि आसपासचे सारे हिंदू या कबरीला भजतात आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवतात. साहेब जाऊन तेव्हा पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.

मी आजीला विचारी, “पण त्याने केले काय?” आजीला ते नीट सांगता येत नसे. कोणी म्हणे गरिबाला नाडू दिले नाही, कोणी म्हणे शिपायांवर त्याची माया होती. एकदा माझ्या प्रश्नांना कंटाळून ती म्हणाली, “आरं, मारता येत असून ज्यानं मारलं न्हाई, त्यालाच देव म्हनत्यात, बाबा. ज्याला मारताच येत न्हाई, त्याचं कसलं आलंय कवतिक?”

त्या वयात मला हे कळले नाही. खरे सांगायचे तर चाळिशी उलटेपर्यंत कळले नाही.

माझे वडील दौंडच्या मालधक्क्यावर कारकून होते. दौंड म्हणजे रेल्वेचे गाव. पुण्याकडून येणारा लोहमार्ग इथे फुटतो. एक फाटा सोलापूरकडे, एक मनमाडकडे, एक बारामतीकडे. गावातले दिवसरात्रीचे भान घड्याळावर नसे, गाड्यांवर असे. या गावात माणसांची पायरी ठरलेली होती. सर्वांत वर बंगल्यातले साहेब, मग बाबू लोक, मग खलाशी, सांधेवाले, हमाल. आम्ही मुलेसुद्धा कोणाला ‘अहो’ म्हणायचे आणि कोणाला ‘अरे’, हे न शिकवता शिकलो होतो.

एकदा बंगल्यातले साहेब मालधक्क्याच्या तपासणीला आले. वडिलांचा डबा घेऊन मी तिथे गेलो होतो. साहेबांनी माझे नाव विचारले, खिशातून एक संत्रे काढून माझ्या हातावर ठेवले आणि ते पुढे गेले. एवढीच गोष्ट. पण त्या संत्र्याची कथा आमच्या घरात पुढे तीस वर्षे सांगितली गेली. “एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही,” हे वाक्य बोलताना आईचा आवाज दर वेळी जरासा हळवा होई. मी आठ-नऊ वर्षांचा, म्हणून माझ्याही मनात साहेबांची मूर्ती बसली ती त्या संत्र्यासकट.

आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत एक सांधेवाले मामा राहत. रात्रपाळीला हातात हिरवा-तांबडा कंदील घेऊन निघत. सांधा बदलण्याचा तो लोखंडी दांडा त्यांच्या हाती असे. तो चुकीचा ओढला गेला, तर शेकडो माणसांनी भरलेली गाडी भलत्याच रुळावर जायची. पण ही काही सत्ता आहे, असे आम्हां कोणाला कधी वाटले नाही. सत्तेला खुर्ची लागते. मामा उभेच असत.

मी तापाने फणफणलो होतो, ती पावसाळ्यातली रात्र मला अर्धवट आठवते. वडील गावी गेलेले. मामा नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी मला पाठुंगळी घेतले, वर घोंगडे टाकले आणि गुडघाभर पाण्यातून डॉक्टरांकडे नेले. उजाडेपर्यंत ते दाराशी बसून राहिले. शेजारच्या कोणाच्याही घरी काही झाले, तरी मामा असेच धावत. पण ही कथा आमच्या घरात कोणी सांगितली नाही. मामांचा विषय निघाला, की आई एवढेच म्हणे, “भोळा आहे बिचारा.”

साहेबांनी संत्रे दिले, तर ते थोर. मामांनी जीव वाचवला, तर ते भोळे. अधिकार असलेल्या माणसाने माया दाखवली, की आपण तिला मोठेपणा म्हणतो. तीच माया बिनअधिकाराच्या माणसाकडून आली, की आपण तिला स्वभाव म्हणतो. आणि स्वभावाचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही.

पुढे मी शिकलो, महसूल खात्यात लागलो आणि यथाकाल मलाही एका तालुक्याच्या कचेरीत खुर्ची मिळाली. खुर्चीचा पहिला चमत्कार मी आठ दिवसांत अनुभवला. माझे मीच उठून माठातले पाणी घेतले, तर बाहेर बोलबाला झाला, “साहेब फार साधे हो!” त्याच माठातले पाणी आमचा शिपाई वीस वर्षे सगळ्यांना देत होता, त्याला साधा म्हटलेले मी कधी ऐकले नाही. माझ्या सामान्य विनोदाला लोक पोट धरून हसत. एखाद्याला “बसा” म्हटले, तर त्याचे डोळे भरून येत. वाचकहो, हे सगळे खोटे नव्हते, हीच त्यातली अडचण आहे. ती माणसे खुशामत करीत नव्हती. त्यांना मी खरोखरच तसा दिसत होतो. आणि हळूहळू मलाही मी तसाच दिसू लागलो.

1979 सालच्या उन्हाळ्यात मामा माझ्या कचेरीत आले. त्यांची दीड एकर वडिलार्जित जमीन त्या तालुक्यात होती आणि वारसाच्या नोंदीचा कागद कुठेतरी अडकला होता. त्या दिवशी मी ‘कडक’ होतो. जिल्ह्याहून तपासणी यायची होती. दुपारी चारपर्यंत कोणाला आत सोडू नका, असे मी शिपायाला बजावले होते. मामा सकाळी अकरापासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेलो. टोपी, धोतर, मांडीवर कापडी पिशवी; असे दहा जण रोज बसलेले असतात. मी पाहिले नाही.

चार वाजता ते आत आले, तेव्हा ओळख पटली. मी चटकन उठलो. “मामा, अहो, निरोप तरी पाठवायचा!” मी म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही कामात होता, साहेब.” लहानपणी ते मला ‘बाळ’ म्हणत. मी पुन्हा पुन्हा ‘मामा’ म्हणत होतो आणि ते पुन्हा पुन्हा ‘साहेब’ म्हणत होते. कागद दहा मिनिटांत मिळाला. तो कित्येक महिने अडला होता, याचे कारण कोणालाच सांगता आले नाही. मी चहा मागवला. त्या चहाचे पैसे शिपायाने दिले होते, आणि ते त्याला परत करायचे मी विसरलो.

दिवाळीला दौंडला गेलो, तो चाळीत माझी कीर्ती पसरलेली. मामांनी घरोघर सांगितले होते, “एवढा मोठा साहेब झाला, पण मला पाहताच खुर्चीतून उठला. स्वतः चहा पाजला.” पाच तासांच्या बाकाचा त्यात उल्लेख नव्हता. त्यांनी तो लपवला नव्हता; त्यांच्या लेखी तो मोजण्यासारखा नव्हताच. साहेबाच्या दारी बसायचेच असते. माझी आई कौतुकाने माझ्याकडे पाहत होती, आणि मला ते संत्रे आठवत होते. माझ्याही नावाने नैवेद्य सुरू झाला होता.

त्या दिवशी मला त्या पावसाळी रात्रीबद्दल दोन शब्द बोलता आले असते. मी हसलो, आणि मामा हसले. पुढल्या वर्षी ते वारले.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1946 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका अनोळखी माणसाचे गुण त्याने विद्यार्थ्यांना वाचून दाखवले: हुशार, कुशल, उद्योगी, निश्चयी, व्यवहारी, सावध. एका गटाला त्यातच ‘मायाळू’ हा शब्द ऐकवला, दुसऱ्या गटाला त्याच्या जागी ‘थंड’. बाकी यादी तीच. पण एका शब्दाने सारा माणूस बदलला. पहिल्या गटाला तो उदार वाटला, दुसऱ्याला तसा वाटला नाही. हे वाचताना मला वाटले, की सांधेवाल्याची यादी कोणी वाचतच नाही. त्याच्या वाट्याला एकच शब्द येतो.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी दौंडहून शिरूरला गेलो. वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तिथले. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना या बाईंनी लांबलांबून आणून सांभाळले. विद्वत्ता अशी, की कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली. पण त्यांनी धर्म बदलला होता. 1893 च्या सुमारास पुण्यात गहजब झाला आणि पालकांनी आपल्या मुली त्यांच्या शारदासदनातून काढून नेल्या. ज्यांचा हेतू त्यांना शंकास्पद वाटत होता, त्यांना त्या शंकेला आधार होता, हे मान्य करूनही मला नवल वाटते. परक्या कर्नलाच्या मायेला शिरूरकरांनी नव्या धान्याचा मान दिला, आणि आपल्यातल्याच एका बाईची माया आपण तराजूत घालून पाहिली. मायेचे माप घेण्याआधी आपण ‘ही कोणाच्या बाजूची’ हे विचारतो. आणि बाईच्या हाती सत्ता दिसली, की जरा जास्तच विचारतो.

चौफुला, न्हावरा करीत शिरूरला पोहोचलो. लग्न उरकल्यावर एकटाच त्या दफनभूमीकडे गेलो. आजीचे बोलणे आठवले. तिने साहेबाची थोरवी नाकारली नव्हती. मारता येत असून न मारणे सोपे नसते. खुर्चीवर बसून मी ते पाहिले आहे. कर्नल वॉलेस खरोखरच भला माणूस असेल. हात जोडायला मला संकोच वाटला नाही. पण हात जोडताना आजीच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मनातून जाईना.

परतताना दौंडला उतरलो आणि मामांच्या नातवाचे घर शोधून काढले. तो आता रेल्वेतच नोकरीला आहे. आजोबांबद्दल त्याला काय ठाऊक, असे विचारले. तो म्हणाला, “फार भोळे होते म्हणतात.”

मी त्याला समोर बसवले आणि त्या रात्रीची सगळी हकीकत सांगितली: घोंगडे, गुडघाभर पाणी, उजाडेपर्यंत दाराशी बसणे. मग कचेरीतला बाकही सांगितला. तो सांगताना माझा आवाज थोडा अडला. त्याच्या बायकोने चहा आणला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आपल्या लहान मुलाला हाक मारून म्हणाला, “इकडे ये रे. आजोबांची गोष्ट ऐक.” आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.