शाहिराचा उत्तरकाल

मराठी समीक्षेत 'उत्तरकालीन' हे विशेषण आपण फार सहजपणे वापरतो. अमुक कवीची उत्तरकालीन कविता अंतर्मुख झाली, तमुक कादंबरीकाराची उत्तरकालीन शैली विरळ झाली, अशी विधाने प्रबंधांतून विपुल आढळतात. या विशेषणामागे काही गृहीते असतात. कलावंत पुरेसा जगला, वार्धक्यात काम करण्याइतके स्वास्थ्य त्याला लाभले आणि त्या कामाची नोंद कोठेतरी राहिली, ही ती गृहीते. ज्या कलावंताच्या वाट्याला यांपैकी एखादीच गोष्ट येते, किंवा एकही येत नाही, त्याच्या उत्तरकालाविषयी समीक्षेला काही म्हणता येते का, हा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या मनात आहे. त्याचे कारण घरगुती आहे. ते पुढे येईलच. पण प्रथम त्या प्रश्नाला आकार दिला तो परक्या मुलखातील एका ध्वनिमुद्रिकेने.

मडी वॉटर्स या नावाने ओळखला जाणारा मॅकिन्ली मॉर्गनफील्ड हा अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, स्टोव्हल येथील कापसाच्या मळ्यावर राबणारा कृष्णवर्णीय मजूर. लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९४१ साली त्याचे गाणे त्या मळ्यावरच ध्वनिमुद्रित केले. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तेथे त्याने कागदाच्या कारखान्यात काम केले, मालमोटार चालवली आणि रात्री दारूच्या गुत्त्यांतून तो गाऊ लागला. तेथील गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याच्या हाती विजेवरची गिटार आली. ब्लूज या गानप्रकाराचे शहरी, औद्योगिक रूप ज्यांनी घडवले त्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. ते रूप घडले यामागे सौंदर्यशास्त्रीय निर्णय जेवढा होता, तेवढीच ऐकू जाण्याची निकडही होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या गायकाने साठी उलटल्यावर, १९७७ साली, 'हार्ड अगेन' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिचा आरंभ १९५५ सालच्या त्याच्याच एका गाण्याने होतो. त्या गाण्याचा गाभा म्हणजे 'मी पुरुष आहे, पोर नव्हे' हा दावा. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरा मनुष्य कृष्णवर्णीय प्रौढालाही 'पोरा' म्हणून हाक मारी, हा संदर्भ घेतला म्हणजे त्या दाव्याचे वजन कळते. चाळिशीत तो दावा आव्हानासारखा ऐकू येतो. साठीनंतर तोच दावा चुकती केलेली जुनी बाकी मोजून दाखवावी तसा येतो. शब्द जवळजवळ तेच असताना अर्थ बदलतो, कारण मधली बावीस वर्षे आवाजात उतरलेली असतात. आणखी एक गोष्ट त्या ध्वनिमुद्रणात आहे. गायकाच्या प्रत्येक ओळीमागे साथीदारांच्या आरोळ्या ऐकू येतात आणि त्या कोणी पुसून टाकलेल्या नाहीत.

हे ऐकताना मला आपले शाहीर आठवले आणि आमचे दारिद्र्यही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णाभाऊ आणि बार्शीचे अमर शेख हे दोघेही गिरणीकामगार. 'माझी मैना गावावर राहिली' या छकडीत अण्णाभाऊंनी लावणीतील नखशिखान्त वर्णनाची रूढी घेतली, ती मुंबईत पोटासाठी आलेल्या मजुराच्या विरहाला जोडली आणि तो विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत नेला. मळा सोडून कारखान्याच्या शहरात आलेल्या माणसाचे विरहगीत हीच ब्लूजचीही एक मुख्य भूमी आहे. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत परिचित करून दिले. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरच्या नावाशी आपले नाव जोडले. तरीही आपली तौलनिक चर्चा बहुतेक छापील साहित्यापुरती राहिली, गाण्यापर्यंत ती क्वचितच पोहोचली.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, वयाच्या ४८व्या वर्षी. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख रस्ता-अपघातात गेले; ते ५२ वर्षांचे होते. विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'बॉम्बे अवर सिटी' या माहितीपटात आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि त्यानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी डोक्याला निळे कापड बांधून आपले आयुष्य संपवले. साठी ओलांडलेले अण्णाभाऊ 'मैना' कशी गायले असते, हे आपण कधीच ऐकणार नाही. वामनदादा कर्डक ८१ वर्षे जगले, प्रौढपणी अक्षरे शिकून त्यांनी हजारो गीते रचली. पण ती गीते इतरांच्या गळ्यांतून आणि कॅसेटींतून अधिक पसरली. विठ्ठल उमप यांनी मात्र उतारवयातही 'जांभूळ आख्यान' रंगमंचावर समर्थपणे उभे केले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच ते कोसळले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. उमपांचे उदाहरण आनंदाचे आहे. ते अपवादात्मक वाटते ही खेदाची बाब आहे.

आता घरगुती कारणाकडे येते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९७२ च्या दुष्काळानंतर भूम तालुक्यातून कासारवाडीला आले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर दापोडीपासून आकुर्डीपर्यंत कारखान्यांची रांग लागली. लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आमच्यासारखी हजारो बिऱ्हाडे स्थिरावली. अण्णा एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागले. तेथील सहा कामगारांचे एक कलापथक होते. त्याला नावही नव्हते, लोक 'प्रेसवाल्यांची पार्टी' म्हणत. भीमजयंतीला, गणपतीत, आणि मुख्यतः युनियनच्या गेटसभांत ही पार्टी गाई. १९९० नंतरच्या दशकात स्वेच्छानिवृत्तीची कागदपत्रे आली, ज्यांत स्वेच्छा फारशी नव्हती, आणि पार्टी पांगली. अण्णांनी पुढे चाकणला सुरक्षारक्षक म्हणून काम केले. आज ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. पार्टीतले बाकीचे पाचही जण आता नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने अण्णांची नऊ गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. हा मुलगा चाकणला कंत्राटी कामगार आहे. तो त्या नऊ गाण्यांना 'आजोबांचा नवा अल्बम' म्हणतो, आणि हा शब्द मी थट्टेने घेत नाही. त्यातली चार गाणी पार्टीची जुनी, तीन वामनदादा आणि अण्णाभाऊ यांची, आणि दोन अगदी नवी, अण्णांनी अलीकडे रचलेली. ती ऐकताना माझ्यातली मुलगी आणि माझ्यातली मराठीची अध्यापिका या दोघींची ओढाताण झाली हे खरे. पण अध्यापिकेने जे टिपले तेवढेच येथे मांडते.

पहिले निरीक्षण लयीचे. जुनी चारही गाणी लहानपणी मी अत्यंत द्रुत लयीत ऐकली होती. आता ती जवळजवळ निम्म्या लयीत आहेत. वयाचा परिणाम म्हणून मी ते सोडून देणार होते, पण विचारल्यावर अण्णा म्हणाले, "अगं, तेव्हा पाळी सुटायची आणि दुसरी आत जायची. मधल्या दहा मिनिटांत सभा, त्यात आमची दोन गाणी. पळतच म्हणावं लागे." म्हणजे ती द्रुत लय वीररसाची नव्हती, पाळीच्या घड्याळाची होती. ती कारखान्याने गाण्यावर घातलेली होती आणि आता उतरली आहे. गाणे आज प्रथमच स्वतःच्या चालीने चालते आहे, आणि त्यामुळे पूर्वी घोषणेसारख्या वाटणाऱ्या ओळींतला विनोद, क्वचित भयसुद्धा, स्पष्ट ऐकू येते. भाच्याने हौसेने त्याखाली यंत्राचा ठेका घालून पाहिला. तो बसेना. अण्णांची लय श्वासाबरोबर मागेपुढे होते. शेवटी त्याने ठेका काढून टाकला.

दुसरे निरीक्षण आवाजाच्या पट्टीचे. प्रेस शॉपमध्ये पंचवीस वर्षे राहून अण्णांची श्रवणशक्ती मंदावली आहे. ते गातात ते स्वतःला ऐकू यावे म्हणून वरच्या पट्टीत, आणि सूर कधी कधी किंचित चढा लागतो. संगीताच्या परीक्षकाने याला दोष म्हटले तर माझी तक्रार नाही. परंतु दोनपैकी एका नव्या गाण्याचा विषयच हा आहे. यंत्राचा आवाज थांबून वीस वर्षे झाली तरी कानात तो चालूच आहे, आणि नातवंडांचे बोलणे मात्र पोहोचत नाही, असा त्याचा आशय आहे. हे गाणे चढ्या, किंचित सुटलेल्या सुरातच म्हणता येईल. शिकागोच्या गुत्त्यात जी निकड विजेच्या गिटारीने भागवली, तीच येथे एका म्हाताऱ्या गळ्याने भागवली आहे.

तिसरे निरीक्षण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ब्लूजच्या रूढ बंधात पहिली ओळ गायली जाते, ती पुन्हा गायली जाते, आणि तिसरी ओळ त्यांना उत्तर देते. पुनरावृत्तीमुळे श्रोत्याला वाट पाहायला लावता येते आणि गायकाला तिसरी ओळ जुळवायला अवधी मिळतो. आपल्या शाहिरी परंपरेत हा अवधी झीलकरी देतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढचे पाहतो. जात्यावर दोघी बसल्या की ओवीतही हेच घडते. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी प्रथम मावळ-मुळशीच्या खेड्यांतून आणि पुढे इतरत्र लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहाकडे पाहिले तरी जाणवते की हे गाणे सहसा एकटीचे नसते. छापील पानावर मात्र झील उरत नाही. एकच ओळ दोनदा छापणे कागदाचा अपव्यय वाटतो, म्हणून संपादक ती गाळतो, आणि आपण उरलेल्या ओळींचे 'कविता' म्हणून मूल्यमापन करतो व ती सपाट असल्याचा निर्वाळा देतो.

अण्णांच्या ध्वनिमुद्रणात झीलकरी नाहीत, पण त्यांच्यासाठीच्या जागा आहेत. ओळ म्हणून झाली की अण्णा थांबतात, नेमके तेवढेच, जेवढे ते पाच जण ओळ उचलायला घेत. त्या रिकाम्या मात्रांत पंख्याची घरघर आणि लोकलचा भोंगा ऐकू येतो. भाचा त्या जागा कापून टाकणार होता. मी त्या राहू दिल्या. मग सातव्या गाण्यात एक गोष्ट घडते. तिसऱ्या कडव्यापासून त्या जागेत एक हलका, संकोचलेला बायकी आवाज येऊ लागतो. ती माझी आई आहे, आतल्या खोलीतून. पार्टीत बायका नव्हत्या. आईला गेटसभेला जाण्याचे कारणही नव्हते. तरी आमच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या तालमी भाकरी थापता थापता ऐकून तिला सगळी झील पाठ होती. ही झील तिने यापूर्वी उघडपणे कधी धरलेली मला माहीत नाही. अण्णांना तिचा आवाज ऐकू आला की नाही हे ध्वनिमुद्रणावरून ठरवता येत नाही. मात्र त्या कडव्यानंतर त्यांचे थांबणे किंचित लांबते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट' या चित्रपटातील वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप असतो तो एका गाण्याचा. त्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असे म्हटले जाते. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. ते २०२१ मध्ये गेले. गीतांना संगीत संभाजी भगत यांचे आहे. चित्रपटात गाणे होते तेव्हा समूह असतो, डफ असतो, अंगणभर माणसे असतात. न्यायालयापुढे येतो तो फक्त कथित आशय. न्यायालयाचा हेतू आणि समीक्षेचा हेतू भिन्न आहेत हे उघडच आहे. पण गाण्यातून आशय वेगळा काढून त्यावरच निर्णय देण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती सोडण्यावाचून शाहिराच्या उत्तरकालाकडे आपल्याला जाता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, ही नऊ गाणी माझ्या वडिलांची आहेत म्हणून मला थोर वाटतात. ती थोर आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांतली दोन तर बेतास बात आहेत. माझे म्हणणे एवढेच की, त्यांतील गुण आणि दोष दोन्ही सांगण्यासाठी जी परिभाषा लागते ती आपण तयार केलेली नाही. 'प्रचारकी', 'उत्स्फूर्त', 'रांगडे' या तीन विशेषणांवर आपण कामगारांच्या गाण्याची बोळवण केली. एकच गाणे पाळीच्या घड्याळाखाली कसे होते आणि निवृत्तीनंतर कसे झाले, झील असताना कसे आणि नसताना कसे, हे तपासणे म्हणजे त्या गाण्याच्या शैलीचा अभ्यास. मडी वॉटर्सच्या १९५५ आणि १९७७ च्या दोन मुद्रणांवर असा अभ्यास करता येतो, कारण दोन्ही उपलब्ध आहेत. प्रेसवाल्यांच्या पार्टीचे पहिले रूप केवळ काही वृद्धांच्या आणि माझ्या स्मरणात आहे.

२०२२ पासून कासारवाडीवरून मेट्रो धावते. जुन्या कारखान्यांपैकी काहींच्या जागी आज निवासी संकुले आहेत. त्या वस्त्यांत आणि आसपास अजून कितीतरी म्हातारे गळे असतील, आणि त्यांच्या वेळेचा हिशेब आपल्या संशोधन-प्रकल्पांच्या वेळापत्रकाशी जुळणारा नाही. या वर्षी लोकसाहित्याच्या वर्गाला मी एक स्वाध्याय दिला आहे. विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका वृद्ध गायकाचे वा गायिकेचे गाणे मुद्रित करावयाचे, मधले काहीही न कापता. सोबतच्या नोंदपत्रकात रचनाकाराच्या नावाखाली मी एक रकाना वाढवला आहे: झील कोण धरत असे.