बेस पाचशे, वाढ पन्नास

१.
जुन्या कॉमिक्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रात्री नऊ: ‘इंद्रजाल, मराठी, फ्लॅश गॉर्डन. कव्हर आहे, मागचे पान नाही. पिना गंजलेल्या. आत शाईने मुलाचे नाव. बेस ५००, वाढ ५०, दहाला बंद.’
पाऊण तास सगळे गप्प. शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांना एकदम जाग येते.

२.
इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये सुरू केले. पहिले ३२ अंक नुसत्या वेताळाचे, म्हणजे फँटमचे, मग मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन ही मंडळी आली. १९९० मध्ये कारभार आटोपला. एकूण अंक ८०३. त्यात १२३ आणि १२४ हे क्रमांक नाहीत, कारण तेव्हा संप होता आणि ते निघालेच नाहीत. तरी अधूनमधून कोणीतरी विचारतेच, ‘दादा, १२३ आहे का? किंमत बोला.’

३.
त्याच १९६४ साली मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन स्थापन झाले. आता त्याला एमएसटीसी म्हणतात. सरकारी कंपन्यांचे भंगार त्याच्या पोर्टलवर ई-लिलावाने विकले जाते. अट एकच: जसे आहे, जेथे आहे. भंगारवाला टनांनी माल उचलतो. आमच्याकडे पाचशे रुपयांच्या अंकासाठी पिनांचे जवळून काढलेले फोटो मागतात, वरून आणि आतून.

४.
रावेरला केळीचा भाव क्विंटलवर, भुसावळला रद्दीचा किलोवर, कॉमिक्सचा पिनांवर.

५.
भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या कॉलनीतली हवा कॉमिक्सला वाईट नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की स्वस्तातला कागद पिवळा पडतो, कडेने मोडतो. पण मुंबईसारखी बुरशी धरत नाही. राखेचे म्हणाल तर पेटीचे झाकण घट्ट हवे.
कॉलनीत अंक टिकले नाहीत ते बदल्यांमुळे. आज दीपनगर, तीन वर्षांनी पारस, पुढे परळी नाहीतर कोराडी. ट्रकमध्ये आधी कपाट, मग फ्रीज, मग गाद्या. शेवटी आई विचारणार, ‘ही रद्दी तिकडे कशाला न्यायची?’ मुलगा शाळेचा दाखला आणायला गेलेला असायचा. कोळशाच्या प्रत्येक वीजकेंद्राच्या आसपास असा एखादा रद्दीवाला होऊन गेला असेल. त्याच्या तागडीतून काय काय गेले, हे आता त्यालाही सांगता येणार नाही.

६.
उत्तर कॅलिफोर्नियात तीन भावांना दिवंगत आईच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली, ‘सुपरमॅन’चा १९३९ चा पहिला अंक सापडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात तो ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. म्हणजे ऐंशी कोटी रुपयांच्या वर.
आपल्याकडे त्या ढिगातली वर्तमानपत्रेच आधी गेली असती.

७.
१९५२. अमेरिकेतल्या ईसी कॉमिक्सने रे ब्रॅडबरीच्या दोन विज्ञानकथा न विचारता एकत्र करून ‘वीअर्ड फँटसी’त छापल्या. ब्रॅडबरीने वकील लावला नाही. गोड पत्र लिहिले: मानधनाचे पन्नास डॉलर पाठवायचे आपल्याकडून अनवधानाने राहिलेले दिसते. पैसे आले आणि पुढे त्याच्या कथा रीतसर छापल्या गेल्या.
ईसीचा मालक बिल गेन्स आपल्या प्रत्येक अंकाच्या डझनभर कोऱ्या प्रती बांधून ठेवायचा. त्या पुढे लिलावात निघाल्या. दुसऱ्याला पैसे द्यायला विसरणारा माणूस जपणुकीत पक्का होता.

८.
वेताळाचा जनक ली फॉक याने त्याला ‘बंगाला’च्या जंगलात बसवले होते. इंद्रजालने ते ‘डेंकाली’ केले. जुन्या अंकांवर बोली लावणाऱ्या कोणालाही विचारा, डेंकाली कुठे आहे ते तो डोळे मिटून सांगेल. दीपनगरशेजारचे फेकरी कुठे आहे ते त्याला नकाशात शोधावे लागेल.

९.
ईबेवर अगदी सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी एक: मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलर. १९९५. घेणारा म्हणे मोडकेच पॉइंटर जमवत होता.
ईबेचे भारतातले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. मोडक्या वस्तूंचे आपल्याकडचे गिऱ्हाईक तेवढ्यावरून कमी झाले नाही.

१०.
जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाचे वजन पडू नये म्हणून.
कॉमिक्सवर मुले मात्र ठसठशीत नाव घालायची. इयत्ता, तुकडी आणि क्वार्टर नंबरसकट. नाव असले की भाव उतरतो. मला असेच अंक बरे वाटतात, आणि ते स्वस्तही पडतात.

११.
इंग्रजी अंकावर बंगळुरू आणि दुबईहून बोली येते. चित्रे तीच, फुग्यातली अक्षरे तेवढी वेगळी. मराठी अंकावर बोली लावणारे बहुतेक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे भाव फार चढत नाही, भिडेने थांबतो. ‘अण्णा, तुम्हाला हवा असेल तर मी सोडतो.’ अण्णा म्हणतात, ‘नाही नाही, तूच घे.’ एवढ्यात धुळ्याचा कोणी नवा मुलगा पन्नास वाढवून अंक घेऊन जातो.

१२.
भुसावळचा रद्दीवाला आता तोलण्याआधी गठ्ठा सोडून बघतो. ‘काका, वेताळ निघाला तर भाव वेगळा. मोबाइलवर पाह्यलंय मी.’
फ्लॅश गॉर्डन त्याला ठाऊक नाही. मीही विषय काढलेला नाही.