दिघा ते उरण : मतदानाआधीची नवी मुंबई

लोकसभेच्या नकाशावर नवी मुंबई नावाचा मतदारसंघच नाही. ऐरोली आणि बेलापूर हे दोन विधानसभा मतदारसंघ ठाण्यात मोडतात. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे, उरण हा सगळा पट्टा मावळात. 1970 साली सिडको स्थापन झाली, एका आराखड्यावर हे शहर उभं राहिलं, पण त्याचं मत मात्र दोन टोकांना विभागलं गेलं. 2024 च्या निवडणुकीत तर मतदानाचे दिवसही वेगळे होते : मावळ 13 मे, ठाणे 20 मे. म्हणून सोमवारी, 6 मेला सकाळी मी दिघा गाव स्थानकात उभा राहिलो. रेल्वेने उरणपर्यंत जायचं आणि वाटेत लोक काय बोलतात ते ऐकायचं, एवढंच ठरवलं होतं.

दिघ्याचं स्थानक जानेवारीतच सुरू झालेलं. ऐरोलीला डबा भरला. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली मुलं, रबाळे एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारे फिटर, वेल्डर. त्यातल्या एका वेल्डरच्या बोलण्याने सगळ्यांचे कान टवकारले. "मी कमळाला मत देणारा. पण मशीनवर कमळच नाही." समोरचा म्हणाला, "मग माझं काय? मला पंजा कुठे दिसणारे?"

दोघांचंही खरं होतं. ठाण्यात राजन विचारे मशालीवर आणि नरेश म्हस्के धनुष्यबाणावर. मावळात संजोग वाघेरे मशालीवर आणि श्रीरंग बारणे धनुष्यबाणावर. दोन्हीकडे मुख्य लढत शिवसेनेच्याच दोन गटांत : मशाल उद्धव ठाकरेंची, धनुष्यबाण एकनाथ शिंदेंचा. भाजप, काँग्रेस, राष्ट्रवादीचे दोन्ही गट, प्रत्येकाच्या मतदाराला मित्रपक्षाच्या चिन्हावर बोट ठेवायचं होतं. विचारे 2019 साली भाजपच्या साथीने धनुष्यबाणावर निवडून आले होते. आता काँग्रेसच्या साथीने मशालीवर उभे होते. बारणे यांनी 2019 साली अजित पवारांच्या मुलाला, पार्थ पवारांना हरवलं होतं; आता अजित पवारच त्यांच्यासाठी मतं मागत होते.

अशा वेळी माणूस चिन्ह सोडून कार्यक्रमाकडे वळतो, हे मला त्या डब्यात दिसलं. पंचविशीच्या आतल्या पदवी-पदविकाधारकांना वर्षभर शिकाऊ उमेदवारी आणि 1 लाख रुपये, हे काँग्रेसच्या जाहीरनाम्यातलं आश्वासन एका मुलाला पाठ होतं. "वर्ष संपल्यावर पुढे काय? पुन्हा कंत्राटच ना?" वेल्डरने विचारलं. त्याला स्वतःला भाजपच्या संकल्पपत्रातली सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत घेण्याची हमी मोलाची वाटत होती, कारण घरी आई आजारी होती. "पण ही हमी मोदींची. आपला खासदार शिंदेंचा. उद्या विचारायचं कुणाला?" हा प्रश्न त्याने आपल्याच बाजूच्या उमेदवाराबद्दल विचारला. त्याचं उत्तर डब्यात कुणाकडेच नव्हतं.

तुर्भ्याला उतरून मी एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात गेलो. उन्हं वर आली होती, गाळ्यांपुढे गोण्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने घातलेली कांद्याची निर्यातबंदी दोनच दिवसांपूर्वी, 4 मेला उठली होती. पण टनाला किमान 550 डॉलर भाव आणि 40 टक्के निर्यातशुल्क लावूनच. व्यापाऱ्याच्या मते दार उघडलं, पण उंबरा छातीएवढा ठेवला. शेजारी उभ्या शेतकऱ्याने हमीभावाच्या कायद्याचा विषय काढला. तो कायदा करायचं काँग्रेसने लिहून दिलं होतं. व्यापारी म्हणाला, "कांदा हमीभावाच्या यादीत आहे का, ते आधी बघा." शेतकरी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही. म्हणूनच तो घातला पाहिजे." बाजारात ऐकलेल्यापैकी मला सर्वांत नेमकं वाटलेलं वाक्य हेच.

बाजारात हमालांची लगबग वेगळीच होती. माथाडींच्या टोळ्याच्या टोळ्या साताऱ्याच्या, जावळी-पाटणकडच्या. साताऱ्याचं मतदान दुसऱ्याच दिवशी, 7 मेला. काम लवकर आटोपून सगळे गावाकडे निघायच्या बेतात होते. साताऱ्यात उदयनराजे भोसले यांच्यासमोर शशिकांत शिंदे होते आणि शिंदे स्वतः माथाडी चळवळीतले. एका मुकादमाला मी विचारलं, "राहता कोपरखैरण्यात, मुलं शिकतात इथे, मग मत गावाला का?" तो म्हणाला, "गावात आमची भावकी मोजून आहे. इथं आम्हाला कोण मोजतंय?" मग त्याने माथाडी कायद्याचं बोलणं काढलं. 1969 चा हा कायदा, त्यातली मंडळं, मजुरीची आणि भविष्यनिर्वाह निधीची हमी. तो टिकेल का, हे त्याला दोन्ही आघाड्यांकडून ऐकायचं होतं. ज्या शहरात घाम गाळायचा, तिथल्या उमेदवाराकडे हा प्रश्न त्याच्या मतासह पोचतच नव्हता.

पुढे खारघर. स्थानक बदललं तसा मतदारसंघ बदलला, प्रश्नही बदलले. नवी मुंबई महापालिकेला मोरबे धरणाचं स्वतःचं पाणी. शेजारच्या खारघरला उन्हाळ्यात टँकर. एका सोसायटीच्या आवारात सकाळच्या फेरीहून परतलेली ज्येष्ठ मंडळी भांडत होती. सिडकोचं सेवाशुल्क भरलेल्या वर्षांचा पनवेल महापालिकेने मालमत्ता कर का मागावा, हा त्यांचा जुना राग. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "हा प्रश्न लोकसभेचा नाही." त्यांच्याच सुनेने उत्तर दिलं, "बाबा, पण आता दारात येणारा तोच एक आहे. पाणी कुणाला मागू?" नवी मुंबई महापालिकेची निवडणूक 2015 नंतर झालेली नव्हती आणि पनवेलमध्येही नगरसेवकांची मुदत संपली होती. दोन्ही ठिकाणी तेव्हा प्रशासक होते. खालची दारं बंद झाली की गटाराचा प्रश्नही दिल्लीच्या उमेदवाराच्या गळ्यात पडतो, आणि तो उमेदवार घाटापलीकडचा. बारणे आणि वाघेरे दोघेही पिंपरी-चिंचवडचे, विचारे आणि म्हस्के दोघेही ठाण्याचे माजी महापौर. चौघांत नवी मुंबईचा एकही नाही.

बेलापूरला परत येऊन उरणची गाडी धरली. डाव्या हाताला विमानतळाचं काम, पुढे उलव्याचे मनोरे, मग खाजण आणि मिठागरं. याच भूमीसाठी जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं असा ठराव राज्याने 2022 साली केला. निर्णय केंद्राच्या हातात होता. उरणला चहाच्या टपरीवर एक वयस्क शेतकरी भेटले, जन्मभर लाल बावट्याचे. दि. बा. 1977 आणि 1984 मध्ये शेकापचे खासदार म्हणून कुलाब्यातून निवडून आले, ती वर्षं त्यांना तोंडपाठ. आता शेकाप महाविकास आघाडीत, म्हणजे मत मशालीला. "देईन," ते म्हणाले, "पण विमानतळाचं नाव आणि गावकऱ्यांनी गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करणं, या दोन गोष्टी आघाडीने कागदावर लिहून द्यायला हव्या होत्या." शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या महायुतीचा, म्हणजे धनुष्यबाणाचा. त्याचंही मागणं अक्षरशः हेच होतं.

काका-पुतण्यांच्या या एकमतात मला दिवसभर ऐकलेल्या सगळ्या वादांचं उत्तर सापडलं. आघाडीला लोकांचा विरोध नाही. रबाळ्याचा वेल्डर, बाजारातला मुकादम, खारघरची सून, उरणचा शेतकरी, प्रत्येकाने मित्रपक्षाला मत द्यायची तयारी मनाशी केलेली होती. त्यांना फक्त कळत नव्हतं की आघाडीतल्या कुणाचा शब्द कुणावर बंधनकारक आहे. 2004 साली संयुक्त पुरोगामी आघाडीचा किमान समान कार्यक्रम निकालानंतर आला, 2019 साली महाविकास आघाडीचाही निकालानंतरच. उलट 1999 मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीने मतदानाआधीच एक सामायिक जाहीरनामा मांडला होता. म्हणजे हे अशक्य नाही. 2024 मध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या पक्षांनी आपापले जाहीरनामे छापले आणि मतदाराने त्यातून जोडून घ्यावं असं गृहीत धरलं.

4 जूनला ठाण्यात म्हस्के आणि मावळात बारणे निवडून आले. राज्यात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. दिल्लीत भाजप 240 वर थांबला, बहुमताच्या 272 च्या अलीकडे, आणि सरकार मित्रपक्षांच्या आधारावर उभं राहिलं. दिघ्याच्या गाडीतला प्रश्न आता साऱ्या देशाचा झाला. पुढच्या वेळी कुठलीही आघाडी मत मागायला आली, तर मतदाराने आधी तिचा एकत्र सही केलेला कागद मागावा. त्यावर आपल्या गावाचं पाणी, आपली घरं, आपली मजुरी असावी. मित्रपक्षाच्या चिन्हावर मत द्यायला आम्ही तयार आहोत. त्या मताचा हिशेब कोण देणार, हे मतदानाच्या आधी समजणं हा आमचा हक्क आहे.