एका नावाचे तीन डबे

खाली वाचनालय, वर अभ्यासिका, आणि भिंती जांभ्याच्या, दीड हात जाडीच्या. वाय-फायचे डबे तीन. एक फायबरवाल्याने जोडणीबरोबर दिलेला, एक माजी विद्यार्थ्याने मुंबईहून पाठवलेला, एक गेल्या वर्षी देणगीतून घेतलेला. तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे. तिघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला की काम झालं, असं मी धरून चाललो होतो. आठवड्याने स्पर्धापरीक्षेची एक मुलगी जिन्यातच म्हणाली, ‘काका, रेंज फुल दाखवतंय, पण काही उघडत नाही.’

*

सगळ्यात आधी सापडलं ते हे: दोन डबे पत्ते वाटत होते. फायबरचा १९२.१६८.१ चे, मुंबईचा १९२.१६८.० चे. प्रत्येक राउटर घरात आपण एकटेच आहोत असं धरून कारखान्यातून निघतो. मुंबईच्या डब्याचं पत्तेवाटप बंद केलं, त्याला फायबरच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता दिला, आणि केबल ‘वॅन’च्या भोकातून काढून ‘लॅन’मध्ये घातली. दहा मिनिटांचं काम. मुलांचा मात्र आठवडा गेला होता, आणि त्यात एकीचा अर्ज भरायचा राहिला. ते मला अजून लागून आहे.

*

फोन चिकटतो. खाली जोडलेला फोन वर गेला तरी खालचाच डबा धरून बसतो, डोक्यावर दुसरा असला तरी. कधी सोडायचं हे डबा ठरवत नाही, फोन ठरवतो. ॲपलने आपला आकडा जाहीर केला आहे: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेला की आयफोन दुसरा शोधू लागतो. बाकीच्यांचे आकडे ज्याचे त्याच्यापाशी.

खालच्या डब्याची ताकद ‘हाय’वरून ‘लो’वर आणली. ग्रंथपाल मॅडम काळजीत पडल्या, ‘अहो, कमी केल्यावर वर कसं मिळेल?’ वरचं वरच्याने द्यायचं, खालच्याने हात आखडता घ्यायचा, असं सांगितलं. संध्याकाळी त्या स्वतः फोन घेऊन जिना चढून-उतरून आल्या.

*

८०२.११ हे मानक १९९७ चं. वेग सेकंदाला २ मेगाबिट. तरीही एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या डब्याशी बोलेलच याची खात्री नसे. १९९९ मध्ये सहा कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या; आजची वाय-फाय अलायन्स ती. एकमेकांची यंत्रं समोरासमोर ठेवून तपासायची आणि मगच शिक्का द्यायचा. आज कुठलाही फोन कुठल्याही डब्याला लागतो ही त्यांची कमाई, आणि ती फार मोठी आहे. पण ती फोन आणि डबा यांच्यातली. डब्याने डब्याशी काय बोलायचं, ते बरंचसं ज्याच्या त्याच्यावर सोडलं गेलं.

तसा प्रयत्न झाला होता. ८०२.११एफ नावाची शिफारस २००३ मध्ये आली: फोन एका डब्याकडून दुसऱ्याकडे गेला की डब्यांनी एकमेकांना कसं कळवायचं. २००६ मध्ये ती मागे घेतली गेली. मग २००८ चं ८०२.११आर. त्याने हस्तांतर झटपट होतं, पण एका डब्याने दुसऱ्याला किल्ली कशी पोचवायची ते त्यातही मोकळंच ठेवलेलं. ती पोच प्रत्येक कंपनीने आपल्यापुरती बसवली. आमच्याकडे त्याचा उपयोग शून्य. उलट ते चालू केल्यावर दोन जुने फोन जोडलेच जाईनात. बंद करून टाकलं.

*

डब्ल्यूडीएसवर दोन संध्याकाळी घातल्या. वायर न ओढता डब्याला डबा जोडायची युक्ती. मानकात चार पत्त्यांच्या चौकटीची सोय आहे: कोणाकडून, कोणाकडे, आणि मधले दोघे. पण ही जोडणी सुरू कशी करायची, कुलूप कसं लावायचं, ते लिहिलेलं नाही. दोन्ही डब्यांच्या पडद्यावर ‘डब्ल्यूडीएस’ अशी तीच अक्षरं, आणि मागची रीत वेगळी. पासवर्ड काढून टाकला तर जुळले. घातला की तुटले. मुलं इथून परीक्षेचे अर्ज भरतात, बिनकुलपाचं नेट त्यांना द्यायला मी तयार नव्हतो.

शेवटी भिंतीला भोक. जांभ्यातून अर्ध्या इंचाचं ड्रिल आरपार जायला सकाळ गेली. केबल ओढली, टोकांना जॅक क्रिम्प केले. त्या दिवसापासून वरचा डबा एकदाही तुटलेला नाही.

*

मॅडमच्या भाच्याच्या जुन्या लॅपटॉपला वरचं नेट दिसतच नव्हतं. लॅपटॉप अमेरिकेतून आणलेला. डब्याने आपोआप चॅनेल १३ निवडलेलं. आपल्याकडे ते चालतं, तिकडची कार्डं बहुधा अकरापर्यंतच ऐकतात. आता तिन्ही डबे हाताने लावले: १, ६, ११. चॅनेलं पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे वीस, त्यामुळे अकरापर्यंत एकमेकांत न घुसणारी तीनच बसतात.

*

वीज. देणगीतल्या डब्याला केबलमधूनच वीज द्यायची होती. स्विच ८०२.३एएफचा, २००३ च्या मानकाचा. तो आधी पलीकडे २५ हजार ओहमची खूण आहे का ते चाचपतो, मगच सुमारे ४८ व्होल्ट सोडतो. डबा मात्र चोवीस व्होल्टचा ‘पॅसिव्ह’. त्याच्याकडे खूण नाही, म्हणून स्विच गप्प. त्याच्यासोबतच्या ॲडॅप्टरची तऱ्हा उलटी: तो काही न विचारता वीज सोडतो, भलत्या यंत्राला लागला तर ते जळू शकतं. त्या ॲडॅप्टरवर लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलंय, ही वायर उपटली तर दुसरीकडे लावू नका.

*

२०१८ पासून ‘ईझीमेश’ नावाचा शिक्का आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांनी एकत्र नांदावं म्हणून. आमच्या तिन्हींत तो नाही. ज्या संस्था एकदम सगळं विकत घेतात त्यांना तो नसला तरी चालतं. ज्यांच्याकडे डबा देणगीने, एकेक करून येतो, त्यांनाच त्याची गरज.

*

मुंबईच्या विद्यार्थ्याचा फोन आला, आणखी एक पाठवू का म्हणून. त्याला कागदावर लिहून पाठवलं: ॲक्सेस पॉइंट मोड असलेला हवा, ८०२.३एएफवर चालणारा हवा, आणि घेण्याआधी मॉडेलचा फोटो मला पाठव. खाली जिन्याची आणि तिन्ही डब्यांच्या जागांची आकृती काढली.