ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

लाँग वीकेंडचा बेत झकास होता. डेन्व्हरहून निघायचं, मित्राच्या पिकअपमागे कॅम्पर, हौद्यात माझी मोटरसायकल, आत तो, वहिनी, त्यांची छोटी आणि मी. यूरे-सिल्व्हरटनचा घाट बाईकवरून करायचं माझं जुनं स्वप्न!

"अरे, नऊ हजार पौंड ओढते गाडी!" इति मित्र.

ओढते हो, पण पाठीवर किती पेलते? तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. माणसं-सामान मिळून या गाडीला १,५०० पौंड. कॅम्पर ६,००० पौंडांचा. अशा कॅम्परचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्याच पाठीवर येतो. ७०० धरा. आम्ही चौघं ५५०. उरले २५०. बाईक ४३०!

मागे असा जादा भार पडला की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही बिघडतात. त्यात घाटाचा उतार, आणि मागच्या सीटवर चार वर्षांची पोर. मित्र म्हणाला, "एवढं काही होत नाही रे." मी ठाम नाही म्हटलं. थोडी वादावादी झालीच.

शेवटी मी डेन्व्हरपासूनच बाईक चालवत निघालो. गाडीतून बाईक उतरली, वर माझे १६० पौंडही. पाठ जाम दुखली, पण घाटात मजा आली राव!