मांड

दोनच माणसे बसतात, डिकीत एक मध्यम बॅग कशीबशी मावते, पाऊस आला की कापडी टप हाताने ओढून घ्यावा लागतो आणि वय तीस वर्षांच्या पुढे. असली मोटार मी घेणार आहे असे शेफील्डहून फोनवर सांगितले, तेव्हा सांगलीत बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अरे, पण मग आईला कुठे बसवणार?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरी मोटार म्हणजे सगळ्यांना एकदम कोंबता येईल अशी वस्तू. बाबांनी १९८१ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून जुनी. जुनी गाडी घेणे हा नाइलाज होता. नवी गाडी हप्त्याने सहज मिळत असताना मुद्दाम तीस वर्षांचे यंत्र शोधत फिरायचे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्यातून पैशाचा प्रश्न होता. नोकरीसाठी इंग्लंडात आल्यापासून दोन वर्षांत जे शिल्लक पडले होते, ते या गाडीत घातले तर त्या उन्हाळ्यात घरी जाणे होणार नव्हते. मी ते बोललो नाही. पण बाबांनी मनातल्या मनात बेरीज केली असणार. त्यांचा सगळा जन्म हिशेब तपासण्यात गेला आहे.

गाडीचे नाव माझदा एमएक्स-५. जपानमध्ये ती युनॉस रोडस्टर म्हणून विकली गेली, अमेरिकेत मिआटा म्हणून. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिची हकिगत मात्र दहा वर्षे आधी सुरू होते. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवले, की इंग्रज मंडळी करीत असत तशी हलकी, साधी, उघडी मोटार तुम्ही का करीत नाही? इंग्रजांच्या त्या मोटारींचे दिवस भरतच आले होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला. आणि गंमत अशी, की हिरोशिमाच्या या कंपनीने आपल्या कल्पनेची पहिली चालती गाडी बांधून घेतली ती इंग्लंडातल्याच वर्दिंग गावी. ती पुढे कॅलिफोर्नियात नेऊन सांता बार्बराच्या रस्त्यांवर चालवून पाहिली. इंग्रजांनी टाकून दिलेली विद्या जपान्यांनी उचलली, नीट घोटली, आणि तेल न गळणारी करून इंग्रजांनाच परत विकली. एप्रिल २०१६मध्ये या जातीची दहालाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा झालेला नाही.

आता कबूल केले पाहिजे, की ही गाडी वेगवान नाही. इंजिन १५९८ सीसी, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती. सिग्नलवरून सुटताना आजची एखादी साधी घरगुती विजेची गाडीसुद्धा तिला मागे टाकून निघून जाते, आणि आत बसलेल्याच्या ते लक्षातही येत नाही. मग तिच्यात आहे काय? वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. इंजिन पुढे, पण पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवलेले. ताकद मागच्या चाकांना. चालक आत बसला की वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे पडते. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक जाळीदार तुळई घातली आहे, त्यामुळे पायाने दिलेला हुकूम मध्ये कुठे न रेंगाळता चाकापर्यंत जातो. गिअरचा दांडा बोट-दोन बोटे हलवला की काम होते.

ज्यांनी ती घडवली त्यांनी यासाठी एक जुना शब्द पुढे धरला होता, 'जिन्बा इत्ताई'. माणूस आणि घोडा, एक देह. जपानी शब्द वाचून मला उगाच परके वाटू लागले होते. मग लक्षात आले, की आपल्याकडे याला दोन अक्षरांचा शब्द आहे : मांड. घोड्यावर मांड पक्की असली की स्वाराला लगाम फार ओढावा लागत नाही. मांडीच्या दाबाने घोड्याला कळते, आणि घोड्याच्या पाठीवरून जमीन कशी आहे ते स्वाराला कळते. मोठ्या, बंद, गुबगुबीत गाडीत आपण पालखीत बसल्यासारखे बसतो. पालखीला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण पालखीत मांड नसते.

एका स्नेह्याच्या अशा गाडीत मी वीस मिनिटे बसलो होतो. शेफील्डकडून हॅदरसेजला जाताना डोंगरावर एक वळण आहे. तिथे वळताच सगळी दरी एकदम समोर उघडते, म्हणून त्याला 'सरप्राइज व्ह्यू' म्हणतात. त्या वळणावर माझा निकाल लागला. पुढचे सहा महिने फक्त शोधण्याचे होते.

अशी गाडी शोधणे म्हणजे खरे तर गंज शोधणे. इंजिन दणकट असते, मोडले तर दुसरे मिळते. पत्रा सडला की संपले. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ पसरतात. त्यातले पुष्कळसे चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येते. आपल्याकडे माणसे मीठ खातात आणि मिठाला जागतात. तिथे मीठच मोटारी खाते. एमएक्स-५ला हे मीठ एका ठरावीक जागी लागते. दाराच्या खालून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात. टपावरचे पाणी आसनांच्या मागे उतरते आणि दोन बारीक नळ्यांतून खाली जाते. या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी वाट चुकते, सिलमध्ये साठते आणि आतून पत्रा खाऊ लागते. बाहेरून रंग तुकतुकीत, आत भाकरीच्या पापुद्र्यासारखा पत्रा. ब्रेक लावला की दाराखालून पाण्याची डुचमळ ऐकू येते अशाही गाड्या असतात.

एक सोय मात्र फार चांगली आहे. तिथे तीन वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते, आणि २००५ सालापासूनचे तिचे निकाल सरकारी नोंदीत कुणालाही फुकट पाहता येतात. गाडीचा नंबर घातला की पुढे सगळी कुंडली : कोणत्या साली किती मैल, कोणत्या साली नापास, कशामुळे. संध्याकाळी चहा घेत मी या कुंडल्या वाचत बसे. कादंबरी वाचावी तशा त्या वाचता येतात. एखादी गाडी दरवर्षी आठ हजार मैल पळते, मग अचानक पाचशे, मग दोनशे, मग चार वर्षे काहीच नाही. कुणी आजारी पडले, कुणाला मूल झाले, कुणाचे घर मोडले. नोंदीत ते लिहिलेले नसते.

पहिली पाहिलेली गाडी एका विक्रेत्याकडची होती. लालभडक, आरशासारखी. तिच्या कुंडलीत ओळीने तीन वर्षे 'मागील डावे सिल, गंज' असा इशारा होता आणि चौथ्या वर्षी तो नाहीसा झालेला. दुरुस्तीची पावती आहे का विचारले, तर विक्रेता हसला. मी खिशातून कपाटाच्या दाराचे छोटे लोहचुंबक काढले, त्याला रुमाल गुंडाळला आणि सिलवर टेकवले. ते घसरून खाली पडले. लोखंड नव्हतेच तिथे. आपले डेंटर-पेंटर जिला लांबी म्हणतात ती भरून वर रंग मारला होता. विक्रेत्याचे हसणे तरीही थांबले नाही. त्याच्या धंद्यात ते आवश्यक असावे.

अशा पाच-सहा पाहून झाल्या. मग कळले, की शहाणी माणसे मूळ इंग्लंडात विकलेल्या गाडीपेक्षा जपानहून जुनी म्हणून आलेली युनॉस शोधतात. जपानमध्येही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असल्यामुळे चाक उजवीकडे असते, आणि पुष्कळ भागांत मिठाचा मारा कमी. बहुतेक गाड्यांत वातानुकूलनही असते, ज्याचा शेफील्डमध्ये उपयोग वर्षातून चार दिवस.

बेकवेलजवळच्या एका खेड्यात तशी एक होती. १९९२ची, हिरवी, आणि दिसायला खरोखर साधी. रंगावर ओरखडे, मागची प्लॅस्टिकची खिडकी दुधाळ झालेली. मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. मी गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून पाहिला. ते म्हणाले, "गारच आहे. मुद्दाम सुरू केली नाही." मला एवढ्यानेच बरे वाटले. या इंजिनाच्या झडपांचे तेलावर चालणारे टेकू जुने झाले की गार असताना टकटक करतात आणि तापल्यावर गप्प होतात. लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो. या गाडीने दहाएक सेकंद टकटक केली आणि मग ती शांत झाली. मी वाकून पुढच्या पुलीच्या खाचा मोजल्या. पहिल्या एक-दोन वर्षांच्या इंजिनात तिथला दांड्याचा भाग आखूड होता आणि तो झिजून निकामी होई. त्या पुलीला चार खाचा असतात. इथे आठ होत्या. टायमिंग बेल्टची पावती होती. कुंडलीत २०१६ साली सिलच्या गंजाचा इशारा होता, आणि त्याची वेल्डिंगची पावती, सडका पत्रा कापल्याचे फोटो, नवा पत्रा बसवल्याचे फोटो, सगळे एका बिस्किटाच्या डब्यात. चुंबक दोन्ही बाजूंना घट्ट चिकटले.

एका दिवसाचा विमा उतरवून मी गाडी बाहेर काढली. आजोबा शेजारी बसले. त्यांना बसायला वेळ लागला : आधी पाठ आत, मग एक पाय, मग हाताने उचलून दुसरा. विकण्याचे कारण विचारण्याची गरजच उरली नाही. पहिल्या चढावर त्यांनी मला सांगितले, "गिअर बदलू नका, तिला ओढू द्या." वळणांवर ते बोलले नाहीत. त्यांचा डावा हात मात्र मांडीवर होता, आणि जिथे मी गिअर बदलावा असे त्यांना वाटे तिथे त्याची बोटे हलत. रस्ता दगडी कुंपणांच्या मधून जात होता, टप उघडा होता, मेंढ्यांचा वास येत होता. मला वाटते, त्या दहा मैलांत गाडी आम्ही दोघे मिळून चालवली.

किंमत त्यांनी ४,८०० पौंड सांगितली होती. मी ४,५०० म्हणालो. ते म्हणाले, "नाही." पुढे काहीच नाही, कारण नाही, राग नाही. भाव करण्याची आपली सगळी कला तिथे निरुपयोगी ठरली. मी पूर्ण पैसे दिले. उलट त्यांनीच मला एक प्रश्न विचारला : हिवाळ्यात ती कुठे राहील? मी सांगितले, की एक बंद गॅरेज भाड्याने पाहिले आहे आणि मीठ पडायला लागले की ती बाहेर निघणार नाही. मग त्यांनी बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला.

गाडीचा सरकारी करही गमतीचा आहे. २००१च्या मार्चपूर्वीच्या गाड्यांना तो इंजिनाच्या आकारावर. १५४९ सीसीपर्यंत कमी, त्यापुढे जास्त. माझ्या गाडीला ४९ सीसी नडले. लंडनला तर ती न्यायचीच सोय नाही. ऑगस्ट २०२३पासून सगळ्या लंडनमध्ये अशा जुन्या पेट्रोल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड द्यावे लागतात. हे अन्याय्य आहे असे मला म्हणवत नाही. तिचा धूर आजच्या गाडीच्या धुरासारखा स्वच्छ नाही, आणि माझ्या आनंदाचा वास शेजारच्या लेकराने का घ्यावा? मी कामाला ट्रामने जातो. गाडी रविवारी डोंगरात निघते. पण याच गाड्या विकत घेऊन, चादरीखाली झाकून, भाव वाढण्याची वाट पाहणारे जे नवे शौकीन निघाले आहेत, त्यांच्याविषयी मला एवढी सहानुभूती वाटत नाही. सोने घ्यावे त्यांनी. त्याला टप नसतो आणि ते गंजत नाही.

त्या रात्री सांगलीला फोन केला. गाडी घेतली, उन्हाळ्यात येणे जमणार नाही, असे एका दमात सांगून टाकले. आई म्हणाली, "मग कधी?" मी म्हणालो, जानेवारीत. तेव्हा रस्त्यावर मीठ असते, गाडी कुलपात असेल, आणि तोवर तिकिटाचे पैसेही साठतील. आईने "बरं" म्हटले. पण ते 'बरं' पुरते बरे नव्हते. मग बाबांनी फोन घेतला. मला वाटले, आता हिशेब होणार. ते म्हणाले, "धूर कसा आहे? निळा की काळा?"

"नाही हो बाबा, धूर नाहीच."

"सकाळी पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा बघ. निळा असला तर ऑइल जळतंय." मग जरा थांबून, "आणि पाणी कुठे तुंबतं ते बघून घे. आपल्या पद्मिनीच्या पायाखालचा पत्रा तसाच गेला."

मी त्यांना त्या दोन नळ्यांविषयी सांगितले. पाऊण तास आम्ही नळ्यांवर बोललो. इतका वेळ फोनवर आम्ही पूर्वी कधी बोललो असू असे आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आसनांच्या मागचा गालिचा उचलला, स्ट्रिमरच्या प्लॅस्टिकच्या दोरीचा एक तुकडा घेऊन दोन्ही नळ्यांत हलके हलके फिरवला. काळा चिखल आला, बर्चची पाने आली, आणि उजवीकडून पाइनची एक सुई, कदाचित जपानची. मग कपभर पाणी ओतले आणि गुडघ्यांवर बसून गाडीखाली पाहिले. डावीकडून लगेच धार लागली. उजवीकडे थोडा वेळ लागला. मग तिथूनही पाणी रस्त्यावर पडू लागले.