दारापाशी बारा फ्रेम

माझं एडिट टेबल मीरा रोडच्या घरात आहे. खाडीच्या दमट हवेनं टेपला बुरशी लागते, म्हणून जुन्या बेटाकॅम कॅसेट मी हवाबंद डब्यांत ठेवतो, तळाशी तांदळाची पुरचुंडी घालून. पंचवीस वर्षं संकलन करतोय. कट कुठे मारायचा हे आता हाताला कळतं. पण जुन्या मालिकेच्या कलाकारांना पुन्हा एकत्र आणणारी फिल्म समोर आली की हाच हात आवरावा लागतो.

आपल्याकडे विज्ञानमालिका मोजक्याच झाल्या, पण लहानपणी ज्यांनी पाहिल्या ते विसरलेले नाहीत. 1989 ची ‘इंद्रधनुष’, तिच्यात गिरीश कर्नाड होते आणि कोवळा करण जोहरही. 1998 ची ‘कॅप्टन व्योम’: केतन मेहतांचं दिग्दर्शन, मिलिंद सोमण, आणि दूरदर्शनवर संगणकानं उभं केलेलं अंतराळ. ‘व्योम’च्या मंडळींना एका खोलीत बसवून फिल्म करावी, हे माझं जुनं स्वप्न. त्यात विश्वप्रमुखाची भूमिका करणारे टॉम ऑल्टर 2017 मध्ये गेले. 2019 मध्ये कर्नाडही गेले. अशा फिल्मला उशीर परवडत नाही.

टेपचंही तेच. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग बीबीसीनं पुसले किंवा टाकून दिले. त्यांचा आवाज मात्र पूर्ण उरला, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. त्या अनोळखी लोकांबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक छोटी फिल्म माझ्याकडे आली. तिचा विषय मुलांसाठीची अंतराळयानाची एक मालिका, फारशी न चाललेली. वाहिनीनं तिच्या निम्म्या टेपवर दुसरंच काही चित्रित करून टाकलेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. यानाचे कप्तान आता सत्तरीचे, यान चालवणाऱ्या ताई नातवंडांत रमलेल्या. भेट ठेवली काशिमिऱ्याला, एका चालू मालिकेच्या सेटवर, शूटिंगला सुट्टी होती त्या दिवशी. मुलाखती नेहमीच्याच: खूप मजा यायची, सगळं घरच्यासारखं होतं. त्यातलं मी फार थोडं ठेवलं.

पण रशेसच्या सुरुवातीला, माइक लावायच्या आधी, कॅमेरा नुसताच चालू राहिलेला एक शॉट होता. कप्तान दिवाणखान्याच्या सेटवर येतात. दार सताड उघडं. तरी ते उंबऱ्याशी थबकतात आणि मग पाऊल आत टाकतात. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. सहज जुन्या टेपवरचा त्यांचा प्रवेश शेजारी लावला. यानाचं दार म्हणजे चंदेरी रंग दिलेला प्लाय. दोन सेटिंग दादा मागे उभे राहून तो दोरीनं ओढायचे, आणि दोरी दर वेळी जरा उशिरा ताणली जायची. तेवढं कप्तानांना थांबावं लागे. मोजलं तर बारा फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. नव्या शॉटमध्येही बाराच.

माझ्या सहायकानं ते थबकणं कापून टाकलं होतं. त्याला शेजारी बसवून दोन्ही शॉट एकामागून एक दाखवले. तो काही बोलला नाही, कापलेल्या फ्रेम त्यानं परत लावल्या.

जुनं चित्र चौकोनी, आजचा पडदा रुंद. जुनं ताणून पडदा भरून टाका, असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. ताणलं की कप्तानांचा तरुण चेहरा सुजल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना काळं राहू दिलं.

दोरी ओढणाऱ्यांपैकी एक दादा भाईंदर पूर्वेला राहतात, हे ताईंकडून कळलं. बोलावलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मी हट्ट धरून शूटिंगचा एक दिवस वाढवून घेतला. एरवी संकलक सेटवर जात नाही. त्या दिवशी मी गेलो.

दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. कप्तान दारात दिसले तसे ते भिंतीच्या कडेला सरकले, दोन्ही मुठी वळल्या आणि हातात काही नसताना जोर लावून बाजूला ओढल्या. कप्तान उंबऱ्याशी थांबले. मग आत आले.